तांबडा टाका

मुलांनो, थोरलीने घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो मी पाहिला. कॉलेजच्या वेबसाइटवर तो तिला सापडला म्हणे. काचेच्या कपाटात ठेवलेली एक नळी, तिच्यावर तांब्याच्या तारांची वळणं आणि खाली पितळी पाटीवर माझं नाव. ‘आजी फेमस झाली’ असं थोरलीने लिहिलं, धाकट्याने टाळ्यांची रांग लावली. मी काहीच उत्तर दिलं नाही. तुमच्या आईला वाटलं, माझा फोन बिघडला.

फोन ठीक आहे. उत्तर लांबलचक आहे, म्हणून ते वहीत लिहिते आहे. तुम्हाला इंग्रजी सोपं जातं आणि मलाही लिहिताना तेच आधी सुचतं. माझं सगळं शिक्षण सिकंदराबादला इंग्रजी शाळेत झालं, पुढे एम.एस्सी. झालं, मग लग्न होऊन मी जालन्यात आले आणि बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. तरी हे मराठीत लिहिते. कारण पुढे येईलच. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

आधी ती नळी काय आहे ते सांगते.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक विभागप्रमुख माझा जुना विद्यार्थी. त्याने छोटं एमआरआय यंत्र बनवायला घेतलं होतं. माणूस आडवा आत जातो तसलं अवाढव्य नाही. फक्त हाताचा पंजा आणि मनगट आत जाईल एवढंच, तालुक्याच्या दवाखान्यात टेबलावर मावणारं. चुंबकाच्या लहान लहान वड्या गोलाकार रचून त्याने चुंबक तयार केला. त्याच्या पोकळीत बसवायच्या कॉइलचं गणित मात्र त्याच्या विभागात कुणाला जमेना. तो माझ्याकडे आला. “मॅडम, तुम्हीच. तुमचंच ‘विद्युतचुंबकत्व’ आम्ही घोकलंय.” मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते आणि सकाळी शब्दकोडं सोडवून झालं की दिवस कसा काढावा हा प्रश्न होता. मी लगेच हो म्हटलं.

शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे कण असतात. सारख्या चुंबकक्षेत्रात ठेवले की ते सगळे एकाच सुरात गातात, असं समजा. वर्गात पन्नास मुलं एकाच सुरात ‘आ’ लावतात तेव्हा कोणता आवाज कुठल्या बाकावरून येतो ते सांगता येत नाही. ग्रेडियंट कॉइल एवढंच करते की चुंबकक्षेत्र डावीकडे किंचित कमी आणि उजवीकडे किंचित जास्त होतं, म्हणजे क्षेत्राला उतार येतो. मग डावीकडचे खालच्या सुरात गातात, उजवीकडचे वरच्या. सुरावरून बाक ओळखता येतो. बाकं कळली की चित्र काढता येतं. ही कॉइल चुकली तर यंत्र ऐकतं सगळं, पण कोण कुठे आहे ते त्याला कळत नाही.

तिचं गणित उलटं असतं. नेहमी तार दिलेली असते आणि क्षेत्र काढायचं असतं. इथे क्षेत्र हवं तसं ठरवायचं आणि ते देणारी तार नळीवर कुठून कशी फिरवावी ते शोधायचं. त्याला उत्तरं अनेक. काही इतकी दाटीवाटीची की तार तापून नळी वितळेल, काही इतकी विरळ की उपयोग नाही. त्यातलं शहाणं उत्तर निवडायचं. मी त्यासाठी संगणकाची नवी भाषा शिकले. जेवणाच्या टेबलावर आठ महिने कागद पसरले होते, मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होते. शेवटी उत्तर आलं ते नकाशावरच्या डोंगराच्या रेषांसारखं: एकात एक फिरत आत जाणाऱ्या चार भोवऱ्यांची नक्षी. दोन भोवरे घड्याळाच्या दिशेने, दोन विरुद्ध. ही विरुद्ध दिशा म्हणजे त्या कॉइलचा जीव. चारही एकाच दिशेने फिरले तर उतार तयारच होत नाही.

एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

कागदावर सुंदर होतं. नळीवर तार बसेना. जुन्या जालन्यातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात नमुना दिला. त्या कारागिराने दोन दिवस प्रयत्न केला आणि नळी माझ्यासमोर ठेवली. “मॅडम, मोटर की वाइंडिंग खाँचे में बैठती. इसमें खाँचा किधर है? तार उछलके मेरे मुँह पे आती.” डिंक लावला तरी वळणावर तार उसळत होती. नळीवर खाचा कोरणारं यंत्र आणायचं तर कॉलेजला मंजुरी हवी होती आणि मंजुरीला सहा महिने लागतात हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात अक्का आली.

अक्का म्हणजे माझ्या घरी दर थंडीत गोधड्या शिवायला येणारी बाई. मंठ्याच्या अलीकडे तिचं गाव. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल; मी तिला अक्का म्हणायची, ती मला बाई. जुनी लुगडी, साड्या पसरून ती दुपारभर व्हरांड्यात बसायची. तुमच्या दोघांसाठी गोधड्या करायच्या म्हणून मी माझ्या आईच्या पाच साड्या काढून ठेवल्या होत्या. तुम्हीच मागितल्या होत्या, आठवतं? व्हिडिओवर धाकटा म्हणाला होता, आजीच्या आईच्या साडीत झोपायचंय. ते गाठोडं मी अक्काच्या हाती दिलं. ती आधी व्हरांड्यातलं एक राहिलेलं काम पुरं करत होती आणि मी चहा घेऊन बाहेर आले, तर तिचा धावदोरा माझ्यासमोर. काठापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत, एकात एक, आत आत. एक रेघ दुसरीला कुठे शिवत नव्हती.

मी आतून माझा कागद आणला. तिने तो हातभर लांब धरून पाहिला.

“हे तर माझंच हाय, बाई. नुस्तं दोन तोंडाचं.”

“दोरा नाही घालायचा. तांब्याची तार. कापडावर धरायची आणि वरून दोऱ्याने बांधत जायचं. जमेल?”

“जमंल की. पण ही गोधडी पांघरतंय कोण?”

“मशीन.”

“तिला थंडी वाजती व्हय?” असं म्हणून ती एकटीच बराच वेळ हसली.

पुढचे काही आठवडे मला फार सुखाचे गेले, हे कबूल करते. अक्का कॉलेजात येऊ लागली. तिला लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि पाठ दुखते म्हणून उशी ठेवलेली खुर्ची मिळाली. लॅबचा अटेंडंट तिच्याच गावचा निघाला. तो गावात सांगायचा, आपली अक्का आता डॉक्टरी मशीन शिवून राह्यली. विभागप्रमुखाने तिला तोंडी शब्द दिला होता: ही कॉइल चाचणीत उतरली की पुढच्या सगळ्या तिच्याच हातच्या, लॅबमध्ये कायमची जागा. मांडीत गोधडी घेऊन चाळीस वर्षं दारोदार बसलेल्या बाईला टेबल-खुर्चीची जागा. तिला त्याचं काय वाटत होतं ते ती बोलायची नाही, पण त्या खुर्चीवर बसण्याआधी ती पदराने रोज खुर्ची पुसायची.

अडचण आली ती उलट्या भोवऱ्यांची.

मी जाड मांजरपाटाच्या चार तुकड्यांवर नक्षी उतरवून दिली होती, बाण काढून. पहिले दोन तिने झटक्यात केले. तिसरा समोर घेऊन बसून राहिली.

“बाई, ह्यो उलटा फिरतोय.”

“हो, तसाच हवा.”

“उलटा फेरा न्हाई घालत मी. जातं उलटं फिरवत न्हाईत, देवाला उलटं फिरत न्हाईत. उलटा फेरा मयताला.”

मी तिला दहा मिनिटं शिकवलं. विजेला शुभ-अशुभ कळत नाही, दिशा ही फक्त दिशा असते, आपण चंद्रावर यान पाठवतो. वर्गात शिकवायचे तशी शिकवत होते. अटेंडंट आणि दोन विद्यार्थी ऐकत होते आणि मला ते ऐकत आहेत हे बरं वाटत होतं. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बघते,” आणि खाली मान घालून दाभणात दोरा ओवला.

चार दिवसांनी तिने चारही तुकडे माझ्या घरी आणून दिले. मी फोनवर होते. तुकडे टेबलावर ठेवून ती म्हणाली, “कोपऱ्यात तांबडा टाका घातलाय, बाई. चिकटवताना तांबडा टाका वर ठेवा.” मी फोन कानाला धरूनच मान हलवली. कोपऱ्यातला टाका मला दिसला. दृष्ट लागू नये म्हणून घातला असेल असं वाटलं आणि मनातल्या मनात हसू आलं.

संध्याकाळी तुकडे तपासायला घेतले. तार वर येईल असे चारही मांडले, माझे बाण तारेखाली झाकले गेले असतील असं धरलं आणि बोट फिरवत गेले. चारही भोवरे घड्याळाच्या दिशेने.

माझ्या मनात आलं ते शब्दशः आठवतं: वाटलंच होतं.

तिला बोलावून विचारायला हवं होतं. मी तसं केलं नाही. पुन्हा तो मयताचा विषय नको, तिचा आणि माझा वेळ वाया जायला नको, असं स्वतःला सांगितलं. त्यावर सोपा उपाय होता. भोवऱ्याला दोन टोकं असतात, एक आत आणि एक बाहेर. वीज बाहेरून आत न सोडता आतून बाहेर सोडली की भोवरा उलटा फिरल्यासारखाच. प्रत्येक टोकाला मी बांधलेली कागदी चिठ्ठी होती: ‘आत’, ‘बाहेर’. दोन तुकड्यांवरच्या चिठ्ठ्या मी खोडून अदलाबदल करून लिहिल्या. मग दिवे घालवून समाधानाने झोपले. अक्काचा हट्टही राहिला, विज्ञानही राहिलं, कुणाला बोलले नाही, असं मला स्वतःबद्दल चांगलं वाटलं. मी रोज काय केलं ते वहीत लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशीच्या पानावर ही अदलाबदल नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा वाढदिवस होता. मी सकाळभर तुमच्याशी व्हिडिओवर होते, लॅबमध्ये गेले नाही. तिथे अक्का आणि अटेंडंट यांनी तुकडे नळीवर चिकटवले, वरून रेझिनचा काळा थर दिला आणि टोकं माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे जोडली.

चाचणीला पाण्याने भरलेली बाटली ठेवली होती. पडद्यावर बाटलीचा गोल यायला हवा होता. आली ती एक पांढरी उभी पट्टी. पुन्हा केलं, पुन्हा पट्टी. एका बाजूचा उतार होता, दुसरीकडचा नव्हताच; आणि तो देणारी कॉइल म्हणजे ही. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुख माझ्याकडे वळला. “मॅडम, गणितात काही?”

आता नीट वाचा.

लॅबमध्ये आम्ही चौघं होतो. अक्का तिच्या खुर्चीजवळ उभी होती, बसली नव्हती. मला त्या क्षणी दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, मी काल चिठ्ठ्या बदलल्या आहेत. दुसरी, थांबा, नळी चुंबकाबाहेर काढू, बॅटरी लावू आणि प्रत्येक भोवऱ्याजवळ होकायंत्र धरून पाहू. आठवीच्या पोरांना मी हा प्रयोग शिकवला आहे. पाच मिनिटांचं काम. पण चिठ्ठ्या बदलल्या हे सांगितलं असतं, तर दोष दिसूनही मी तो लपवला हे सांगावं लागलं असतं. आणि माझ्या गणितावर शंका घेतलेली मला सहन झाली नाही.

मी विभागप्रमुखाला इंग्रजीत सांगितलं की गणितात चूक नाही. बाईंच्या काही समजुती आहेत, उलटा फेरा त्या घालत नाहीत, मला तुकडे पाहतानाच शंका आली होती. आणि दोन चुकले असतील तर बाकीच्या कामावरही विसंबून चालणार नाही. हे मी फार सभ्य शब्दांत सांगितलं. सिकंदराबादच्या शाळेत आम्हाला तसं बोलायला उत्तम शिकवलं होतं.

अक्का म्हणाली, “बाई, मी एकबी फेरा चुकले न्हाई.”

“अक्का, नंतर बोलू.”

“मॅडम,” अटेंडंट मध्येच बोलला, “तो तांबडा टाका हाय ना, तो—”

“कोपऱ्यातल्या टाक्याने काही होत नसतं,” मी म्हटलं.

“मंग उसवून बघा,” अक्का म्हणाली. “माझ्यासमोर उसवा.”

उसवणं शक्य नव्हतं, वर रेझिन सुकलं होतं. विभागप्रमुखाने ब्लेड मागवलं आणि चारही तुकडे कापून नळीवरून सोलून काढले. तारा तुटताना बारीक आवाज होतो. अक्का तेवढा वेळ उभी राहिली. मग तिने खुर्चीवरची उशी उचलली, ती तिचीच होती, ती काखेत मारली आणि गेली. बसस्टँडपर्यंत सोडायला अटेंडंट जायला निघाला, तर ती त्याला म्हणाली, “तुझी नोकरी हाय, तू थांब.” हे त्याने मला नंतर सांगितलं.

समितीसमोर संकट आहे म्हटल्यावर मंजुरी सहा महिन्यांऐवजी सहा दिवसांत आली. नळीवर खाचा कोरून आल्या, जुन्या जालन्याच्या कारागिराने त्यात तार बसवली. नक्षी तीच, माझीच. बाटलीचा गोल स्पष्ट उमटला. मग विभागप्रमुखाच्या मनगटाची हाडं उमटली आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला. पुढे काचेचं कपाट झालं, पाटी झाली. कापलेले तुकडे मी एका पिशवीत घालून, वर ‘कॉइल: बाद’ असं लिहून घरच्या कपाटात ठेवले. मी काही फेकत नाही.

जवळजवळ वर्षाने, दसऱ्याआधीच्या आवराआवरीत ती पिशवी हाती आली. तांबं भंगारात द्यावं म्हणून तुकडे टेबलावर काढले. रेझिन कापडाच्या ज्या बाजूला लागलं होतं ती नळीची बाहेरची बाजू. चारही तुकड्यांवर त्याच बाजूला, कोपऱ्यात, रेझिनखाली तांबडा टाका. पण तार दोनच तुकड्यांवर त्या बाजूला होती. उरलेल्या दोनांवर ती खालच्या बाजूला होती, नळीकडे.

मी खुर्ची ओढून बसले. ते दोन तुकडे तांबडा टाका वर येईल असे ठेवले आणि बोट फिरवलं. उलटे. बाणांप्रमाणे, अगदी बरोबर, उलटे.

तिने कापड पालथं घातलं होतं. माझी नक्षी टोचून मागच्या बाजूला उतरवून घेऊन तिथून उजवा फेरा घालत गेली होती. मागून उजवा, तो पुढून डावा. तिला उलटा फेरा घालावा लागला नाही आणि मला हवा होता तो भोवरा मिळाला. कोणती बाजू वर ते कळावं म्हणून खूण केली आणि ती खूण मला सांगितलीसुद्धा. अटेंडंटने ती ऐकली आणि पाळली. चुकीचं फक्त माझं काम होतं. बरोबर असलेल्यावर मी पुन्हा दुरुस्ती केली आणि सगळे भोवरे एका दिशेने फिरवले. खोडलेल्या चिठ्ठ्या अजून टोकांना लटकत होत्या. अक्षर माझंच. तरीही मी बॅटरी आणली, होकायंत्र आणलं आणि जिथे तार शाबूत होती तिथे माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे वीज सोडून सुई कुठल्या बाजूला वळते ते पाहिलं. सगळीकडे एकाच बाजूला वळली.

एम.एस्सी.ला मला सुवर्णपदक होतं. कापडाला दोन बाजू असतात हे त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंठ्याची बस धरली, पुढे रिक्षाने गेले. अक्काचं घर अटेंडंटने सांगितलं होतं. ती ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही; सुपडं बाजूला सरकवून म्हणाली, “या. बसा. पाणी देऊ?”

मी पिशवीतून तुकडे काढून तिच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचंही सांगितलं. तिने एक तुकडा उचलला, ब्लेडने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“मला म्हाईतच होतं की,” ती म्हणाली. “मी शिवल्तं, मला न्हाई म्हाईत व्हणार?”

“तेव्हाच मला समजावून सांगितलं असतंस, पालथं घातलंय म्हणून…”

“तुमी ऐकून कवा घेतलं? आधी चंद्रावर नेलं मला. नंतर इंग्रजीत बोलल्या. तुमी इंग्रजीत गेल्या तवाच कळलं, माझंच चाललंय. चांगलं बोलायचं असतं तर मराठीत बोलल्या असत्या.”

मग तिने आपणहून सांगितलं, तक्रार करत नव्हती, डाळ निवडतच होती. लॅबमधली गोष्ट गावात पोहोचली ती अर्धीच पोहोचली: अक्काच्या उलट्या फेऱ्यावरून कॉलेजात काहीतरी झालं. गावाने त्याचा अर्थ लावला की तिने कॉलेजसाठी उलटे फेरे घातले. तेव्हापासून बाळंतिणीच्या घरची दुपटी तिच्याकडे येईनाशी झाली. मयताचा फेरा घालणारा हात लेकराच्या अंगावर कोण घेईल? पुतणीच्या बाळाची गोधडीसुद्धा परतूरहून शिवून आणली.

“आन् म्या जल्मात एक उलटा फेरा घातला न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी बी न्हाई घातला.”

“मी गावात सगळ्यांना सांगते. आत्ता सांगते.”

“गावाला काय कळणार त्यातलं. तिथं सांगितलं का? कालेजात?”

“अजून नाही. आधी तुझ्याकडे आले.”

“मंग उलटंच केलं तुमी,” असं म्हणून ती हसली. त्या हसण्यात मशीनला थंडी वाजते का विचारणारी अक्का नव्हती. “माझ्या दारात मला सांगायला काय लागतंय. जिथं बोलल्या तिथं सांगा.”

मग ती आत गेली आणि माझं गाठोडं घेऊन आली. माझ्या आईच्या पाच साड्या, घडी न मोडलेल्या. मी ते गाठोडं विसरले होते. ती विसरली नव्हती. वर्षभर ते उंदरांपासून सांभाळलं होतं.

“नातवंडांच्या हायेत ना ह्या,” मी म्हटलं. “शिवशील, अक्का? तुझ्याच हातची—”

“न्हाई, बाई.” आवाज चढवला नाही. “तुमच्या घरचं काम आता न्हाई व्हायचं माझ्याच्यानं.”

तिने मला रिक्षापर्यंत सोडलं, गाठोडं स्वतः उचलून रिक्षात ठेवलं. इथल्या बायका पाहुणीला एकटी कधी जाऊ देत नाहीत, कितीही झालं तरी.

तिथूनच कॉलेजात गेले. विभागप्रमुखाने शांतपणे ऐकलं, चहा मागवला. मग म्हणाला, “मॅडम, अहवाल गेला, शोधनिबंध छापून आला. आता मागे जाऊन काय साधणार? आणि डिझाइन तर तुमचंच आहे ना?” मी म्हटलं, तिला तुझ्या तोंडचा शब्द होता, कायमच्या जागेचा. तो म्हणाला, “आता खाचा कोरणारं यंत्र आहे, मॅडम. शिवणाऱ्या बाईची पोस्ट कशी दाखवू?” वाईट मुलगा नाही तो. माझ्याच वर्गात बसून शिकला आहे.

मी प्राचार्यांना लेखी दिलं, सगळं, सही करून. उत्तर आलं नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कॉलेजात जाते, पत्राची प्रत पुन्हा देते आणि पोच घेते. पोच देणारा कारकून मला पाहिला की शिक्का हातात घेऊनच बसतो. अटेंडंट काचेच्या कपाटापाशी उभा असतो. पूर्वी नमस्कार करायचा, आता नुसता पाहतो. सात पोच माझ्याकडे क्रमाने लावून ठेवल्या आहेत. पाटी तशीच आहे.

म्हणून थोरलीला सांगणं आहे, तो फोटो ग्रुपवरून काढून टाक. आणि धाकट्याला सांगणं आहे की गोधडी येणार नाही. दुसऱ्या कुणाकडून शिवून घेता येईल, बाजारात मशीनवर शिवलेल्या मिळतात, तुझी आई तिथे एखादी घेईलही. माझ्या आईच्या साड्या मात्र मी देणार नाही. गाठोडं कपाटावर आहे. त्याची गाठ अक्काने मारलेली आहे आणि मी ती सोडलेली नाही. येत्या सोमवारी आठवी पोच.